घराचा हिशेब मागता, तर तो खरा मागा!

स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली, तरी या देशातले सामान्य घर महिन्याला किती कमावते हे भारत सरकारला छातीठोकपणे सांगता येत नाही. धरणात पाणी किती आणि तिजोरीत कर किती, याचे आकडे रोज निघतात. पण सिन्नरमध्ये विड्या वळणाऱ्या बाईच्या घरात, वावी-पाथरेच्या कोरडवाहू शिवारातल्या कांदेवाल्याच्या घरात आणि माळेगावच्या कारखान्यात ठेक्यावर राबणाऱ्या पोराच्या खोलीत वर्षाकाठी किती पैसा आला, याचा सगळ्या घरांना सारखा लागू होईल असा एकही सरकारी आकडा आजवर तयार झालेला नाही. आता केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२६ मध्ये देशातील पहिली राष्ट्रीय कौटुंबिक उत्पन्न पाहणी करण्याचे जाहीर केले आहे आणि तिच्या आखणीसाठी सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचा गट नेमला आहे. आम्ही या पाहणीचे स्वागत करतो. त्याच दमात हेही बजावतो, की सिन्नरसारख्या तालुक्यातले घर कसे चालते हे नीट समजून न घेता ती आखली, आणि आलेले उत्तर दडपण्याची मुभा सत्ताधाऱ्यांच्या हाती तशीच राहू दिली, तर तिच्यातून गरिबांच्या नावावर एक मोठे असत्य पक्के होईल.

पाहणीची पूर्वचाचणी ऑगस्ट २०२५ मध्ये झाली. तिचा निष्कर्ष मंत्रालयानेच प्रसिद्ध केला आहे. सुमारे ९५ टक्के लोकांना हे प्रश्न नाजूक वाटले, आणि निरनिराळ्या मार्गांनी येणारे उत्पन्न सांगताना ते अवघडले. प्राप्तिकराच्या प्रश्नांना तर बहुतेकांनी उत्तरच दिले नाही. पाहणीचा हेतू लोकांना कळला नव्हता असेही नाही. ८४ टक्के लोकांना तो समजला होता. हेतू समजूनही माणूस तोंड मिटून घेतो, तेव्हा दोष त्या माणसाचा नसतो. त्याला गप्प राहायला कोणी शिकवले, हे विचारले पाहिजे.

उत्तर सिन्नरच्या तहसील कचेरीत मिळते. तिथे रोज उत्पन्नाचे दाखले निघतात. महाराष्ट्रात पिवळ्या शिधापत्रिकेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५ हजार रुपये आहे, केशरीसाठी एक लाख. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर राज्याने प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजारांची मर्यादा घातली. लाडक्या बहिणीसाठी अडीच लाख, नॉन-क्रीमी लेयरसाठी आठ लाख. वर्षाला ४४ हजार म्हणजे सगळ्या कुटुंबाला दिवसाला १२० रुपये. आता सरकारचाच दुसरा कागद पाहा. २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भारतातील माणशी मासिक खर्च ४,१२२ रुपये निघाला. चार माणसांच्या घराला वर्षाचे जवळजवळ दोन लाख. सरकार एका हाताने लिहिते की सामान्य खेडूत घर वर्षाला दोन लाख खर्च करते, आणि दुसऱ्या हाताने सांगते की ४४ हजारांच्या वर कमावलेस तर तुझे धान्य बंद. अशा व्यवस्थेत जो खरे बोलेल त्याचे रेशन जाईल, मुलाची सवलत जाईल. दाखल्यावरचे उत्पन्न आणि घरातले उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे गावातले शेंबडे पोरही जाणते, आणि ही फारकत लोकांनी हौसेने केलेली नाही. शासनाच्या अवास्तव मर्यादांनी ती त्यांच्यावर लादली. त्याच शासनाचा माणूस उद्या टॅब घेऊन दारात उभा राहील आणि म्हणेल, खरे उत्पन्न सांगा. कोण सांगेल?

म्हणून आखणीतले पहिले काम प्रश्नावली लिहिण्याचे नाही, भिंत बांधण्याचे आहे. पाहणीची माहिती आणि लाभाच्या याद्या यांच्यामध्ये कधीही दार निघू नये अशी पक्की भिंत. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ व्यक्तीची माहिती उघड करायला मनाई करतो. पण कायद्याच्या पुस्तकातले अभय वावीच्या वस्तीवर कोणाला ठाऊक आहे? पाहणीत आधार क्रमांक, शिधापत्रिका क्रमांक, बँक खाते यांतले काहीही विचारू नये. तुमची माहिती तहसीलदार, तलाठी, प्राप्तिकर खाते आणि पुरवठा खाते यांच्यापैकी कोणालाही दिली जाणार नाही, असे सहीशिक्क्याचे मराठी पत्र पहिला प्रश्न विचारण्याआधी प्रत्येक घराच्या हाती द्यावे. ते पत्र मोडणाऱ्याला शिक्षा होईल हेही त्याच पत्रात छापावे.

उत्पन्न लपवले जाण्याचे हे दुखणे आजचे नाही. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली, आणि त्याच दशकात खर्चाबरोबर उत्पन्न विचारून पाहण्यात आले. साठच्या दशकात पुन्हा प्रयोग झाले, ऐंशीच्या दशकात चाचणी पाहणी झाली. लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्या खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षाही कमी भरे. मेळ बसेना, म्हणून प्रत्येक वेळी काम गुंडाळून ठेवले गेले. मेळ का बसत नाही याचा छडा लावण्याचे कष्ट राज्यकर्त्यांनी घेतले नाहीत, आणि तीन पिढ्या केवळ खर्चावरून गरिबी मोजत राहिल्या. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला तो याच खर्चाच्या आकड्यांवरून. ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के लोक किमान गरजेच्या खाली जगतात, हे त्यांनी दिल्लीच्या तोंडावर सांगितले. त्यांनी हाती होते त्या साधनाने मोठे काम केले. आम्ही मात्र पन्नास वर्षांनंतरही तेच अपुरे साधन हातात धरून बसलो आहोत.

ते अपुरे का, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण अन्यायाचे मूळ इथेच आहे. कोरडवाहू भागातल्या घरात कोणी आजारी पडले, पेशंटला नाशिकच्या खासगी दवाखान्यात न्यावे लागले, बायकोचे मंगळसूत्र गहाण पडले, सावकाराकडून शेकडा तीन-चार रुपयांनी पैसे उचलले आणि दीड-दोन लाखांचे बिल भरले. खर्चाच्या पाहणीत त्या घराचा खर्च त्या वर्षी वाढलेला दिसतो. जे घर बुडाले ते कागदावर वर चढले! दुष्काळात टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या घराचा खर्च वाढतो, मुलाला क्लास लावण्यासाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या घराचा खर्च वाढतो, आणि दिल्लीत बसलेला अधिकारी जाहीर करतो की जनतेचे राहणीमान सुधारले. खर्चासमोर उत्पन्न आणि उत्पन्नाशेजारी कर्ज मांडल्याशिवाय घराची खरी स्थिती दिसत नाही. देशातली शेतकरी कुटुंबे तपासली तेव्हा ५०.२ टक्के कुटुंबे कर्जबाजारी निघाली आणि सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये निघाले, हे २०१९ च्या पाहणीतले सरकारी आकडे आहेत.

त्याच पाहणीतला आणखी एक आकडा प्रत्येक शेतकऱ्याने पाठ करावा. शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये. त्यात मजुरीचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो तो पिकापेक्षा मजुरीवर अधिक जगतो. पण हा १०,२१८ चा हिशेब केवळ खिशातून गेलेला खर्च वजा करून केलेला आहे. घरच्या माणसांची मेहनत, घरचे बी, घरचे शेणखत यांची किंमत धरली की तेच उत्पन्न ८,३३७ रुपयांवर येते. एकच घर, एकच शेत, एकच वर्ष. व्याख्या बदलली आणि महिन्याचे १,८८१ रुपये नाहीसे झाले. पाहणीची आखणी ही तज्ज्ञांची आपसातली किचकट बाब आहे असे समजून ज्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, त्यांनी हे लक्षात घ्यावे. ज्याच्या हाती व्याख्या, त्याच्या हाती गरिबी वाढवण्याची आणि घटवण्याची चावी.

आता सिन्नरच्या घरात या. विड्यांचा धंदा इथे पिढ्यानपिढ्या आहे, आणि तो चालतो तो बायकांच्या बोटांवर. तेंदूचा पत्ता आणि तंबाखू कारखान्यातून घरी आणायची, पान भिजवायचे, कातरायचे, विडी वळायची, दोरा बांधायचा आणि मोजून द्यायच्या. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. त्यातून छाट, म्हणजे नापास ठरलेल्या विड्या, निघाली की तेवढी मेहनत फुकट, आणि पत्ता कमी पडला तर तो पदरमोड करून आणायचा. कार्ड एकीच्या नावावर असते, पण वळणारे हात सासूचे, सुनेचे आणि शाळेतून आलेल्या लेकीचेही असतात. प्रश्न विचारणारा दारात येतो आणि विचारतो, कुटुंबप्रमुख कोण? पुरुष पुढे येतो. घरात कमावते किती? तो म्हणतो, मी एकटा. बाई काय करते? घरीच असते, थोड्या विड्या वळते. त्या ‘थोड्या विड्यां’वर घरातले तेल-मीठ चालते, पण कागदावर ती बाई बिनकमाईची म्हणून नोंदली जाते. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने आणि १९७६ च्या कल्याण निधीने तिला कामगार मानले. देशाची आकडेवारी अजून मानायला तयार नाही. म्हणून आमची मागणी आहे की घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाला वेगळे विचारले पाहिजे, आणि बाईला बाईने, एकटीने विचारले पाहिजे. किती हजार वळल्या, छाट किती गेली, पत्ता विकत किती आणला, फंडाला किती कापले, हातात किती पडले, हे सुटे सुटे विचारा. ‘तुमचे मासिक उत्पन्न किती’ हा एक प्रश्न विचारून निघून जाणारा माणूस काहीच मोजत नाही.

शेतकऱ्याच्या घरात तर महिना हे मापच चालत नाही. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघतो, चाळीत पडतो, आणि गरजेप्रमाणे दिवाळीपर्यंत विकला जातो. घरात रोकड येते ती दुधाच्या पगाराची, आणि मोठा पैसा येतो तो पट्टी, म्हणजे बाजारातल्या विक्रीचा हिशेब, होईल त्या दिवशी. त्या पट्टीतून हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडे जाते, आणि वाईट वर्षी उलटी पट्टी होते; माल देऊन वर शेतकऱ्यालाच देणे निघते. मागच्या तीस दिवसांचे उत्पन्न विचारले तर मार्चमध्ये तो कंगाल दिसेल आणि जूनमध्ये सधन, आणि दोन्ही चित्रे खोटी असतील. २०२३-२४ च्या खर्च पाहणीचे क्षेत्रकाम ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या काळात झाले. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली आणि ती ४ मे २०२४ ला उठवली. त्या वर्षी शहरी घराने कांद्यावर किती रुपये खर्च केले हे पाहणीने आठवड्याच्या हिशेबाने टिपून घेतले. तो कांदा पिकवणाऱ्या घराचे त्याच वर्षी किती गेले हे विचारणारा रकाना त्या प्रश्नावलीत नव्हता! खाणाऱ्याचा खर्च मोजायचा आणि पिकवणाऱ्याचा तोटा मोजायचा नाही, असे राष्ट्र शेतकऱ्याच्या बाजूचे धोरण करणार कसे? शेतीचे उत्पन्न वर्षाच्या हिशेबाने आणि त्याच घरात हंगामाहंगामाला जाऊन विचारले पाहिजे. शेतकरी कुटुंबांच्या पाहणीत एकाच घरी दोनदा जाण्याची पद्धत आहेच. तोट्याचे उत्पन्न उणे म्हणूनच लिहिले पाहिजे. ते शून्य करून टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.

नमुना पाहणीत आठवणीचा कालावधी किती नाजूक असतो याचा धडा देशाने एकदा घेतलेला आहे. १९९९-२००० च्या पाहणीत एकाच घराला अन्नखर्च सात दिवसांचाही विचारला आणि तीस दिवसांचाही. एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली, आधीच्या पाहण्यांशी तुलना तुटली, आणि गरिबी किती घटली यावर अर्थशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे भांडत राहिले. प्रश्न विचारण्याची तऱ्हा बदलली की कोट्यवधी गरीब कागदावरून नाहीसे होतात किंवा नव्याने उगवतात.

कर्ज आणि उत्पन्न यांची सरमिसळ हा दुसरा खड्डा. मार्चअखेर विकास सोसायटीत नवं-जुनं होते. चार दिवसांसाठी बाहेरून पैसे उचलायचे, सोसायटीचे भरायचे, पुन्हा काढायचे आणि बाहेरच्याचे परत करायचे. लाखभर रुपये घरात आले आणि गेले, घराच्या हाती काहीच उरले नाही, वर चार दिवसांचे व्याज अंगावर बसले. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्याने मुकादमाकडून घेतलेली उचल ही कमाई आहे की कर्ज? बचत गटाचे कर्ज, भिशी, सोनेतारण, हे सगळे वेगळे लिहिले नाही तर गरिबाचे देणेच त्याचे उत्पन्न होऊन बसेल.

जमिनीचे तसेच. समृद्धी महामार्ग या तालुक्यातून गेला. शिर्डी ते भरवीर हा टप्पा मे २०२३ मध्ये खुला झाला. मुसळगाव-गुळवंच परिसरात १,३५० मेगावॉटच्या औष्णिक वीज प्रकल्पासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि उभा राहिलेला प्रकल्प वर्षानुवर्षे पडून राहिला. जमिनीचा मोबदला ज्या वर्षी आला त्या वर्षी गावात गाड्या आल्या, स्लॅबची घरे आली. तो पैसा उत्पन्न नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्पन्न देणारे साधन एकदाच विकून आलेली ती किंमत होती. पाहणीने तिला उत्पन्नात धरले तर उजाड झालेले गाव तालुक्यातले सर्वांत श्रीमंत गाव ठरेल, आणि पाच वर्षांनी त्याच गावची पोरे दुसऱ्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभी असतील.

नमुन्याचा हिशेबही लोकांनी समजून घ्यावा. २०२३-२४ च्या खर्च पाहणीत देशभर २,६१,९५३ घरे घेतली गेली. २०११ च्या जनगणनेत सुमारे २४ कोटी ७० लाख कुटुंबे होती. म्हणजे निवडलेले एक घर निदान नऊशे चाळीस घरांच्या वतीने बोलते. नमुना लहान असण्यात काही गैर नाही. शास्त्राने निवडलेला लहान नमुना गबाळ्या शिरगणतीपेक्षा अधिक खरे सांगतो. पण निवड खरी हवी, आणि त्यासाठी ज्या यादीतून निवडायचे ती यादी खरी हवी. गावांची यादी अजूनही २०११ च्या जनगणनेची चालते. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, ती २०२७ वर गेली. मधल्या काळात माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींभोवती भाड्याच्या खोल्यांच्या ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले, मराठवाड्यातून आलेले सहा-सहा तरुण एका खोलीत राहतात आणि एका गॅसवर रांधतात. नमुना पाहणीत एकत्र राहून एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. मग हे सहा जण एक कुटुंब मानायचे का? त्यांनी गावी पाठवलेला पैसा कोणाच्या घरात मोजायचा? आणि ते पाळीवर गेलेले असताना दिवसा येणाऱ्या गणकाला कुलूप दिसले तर ते घर गळूनच जाणार. गावठाणातल्या चावडीवर बसून यादी केली तर मळ्यातली आणि वस्त्यांवरची घरे सुटतात, हेही या भागात सर्वांना ठाऊक आहे.

जानेवारी २०२५ पासून नमुना पाहण्यांमध्ये जिल्हा हा मूळ एकक धरला जाऊ लागला, ही चांगली सुधारणा झाली. पण नाशिक जिल्हा म्हणजे निफाडची द्राक्षे, मालेगावचे यंत्रमाग, सुरगाण्या-पेठचा आदिवासी डोंगर आणि सिन्नरचा दुष्काळी पूर्वपट्टा. या सगळ्यांची एक सरासरी काढली तर ती यांपैकी कोणाचीच नसेल. जिल्ह्याच्या आत बागायती, कोरडवाहू, आदिवासी आणि औद्योगिक असे थर पाडून प्रत्येकातून पुरेशी गावे घेतली पाहिजेत. केंद्राच्या नमुन्याला जोडून महाराष्ट्राचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आपला नमुना घेते. तो दुप्पट करायला राज्य सरकारला कोणी अडवले आहे? जाहिरातींवर कोट्यवधी उधळणाऱ्या राज्याला चारशे चांगले प्रशिक्षित क्षेत्र-कर्मचारी कायम नोकरीत ठेवणे परवडत नाही, हे आम्ही ऐकून घेणार नाही. ठेक्यावर नेमलेला, दिवसाला ठरावीक घरे पूर्ण करण्याच्या धाकात असलेला तरुण विडीवाल्या बाईच्या ओट्यावर दीड तास बसून राहील, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

गरिबांच्या घरात शिरणे सोपे असते. खरी परीक्षा श्रीमंतांच्या फाटकावर होते. २०२२-२३ मध्ये शहरी भारतातल्या सर्वांत वरच्या पाच टक्क्यांचा माणशी मासिक खर्च सरासरी २०,८२४ रुपये निघाला, आणि पुढच्या वर्षी तो घटून २०,३१० झाला. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरूच्या गगनचुंबी इमारतींमधला वर्ग एवढ्यावर जगतो, आणि शहरांतल्या बाकी सर्व थरांचा खर्च वाढत असताना त्याचाच तेवढा घटतो, यावर कोणी शहाणा माणूस विश्वास ठेवील का? फाटकावरचा रखवालदार गणकाला परत पाठवतो, त्याजागी शेजारचे दुसरे घर घेतले जाते, आणि देशातली विषमता कागदावर आपोआप निवळते. किती घरांनी नकार दिला, ती कोणत्या थरातली होती, त्यांच्या जागी कोणती घेतली, हे अहवालाच्या पहिल्या पानावर छापा. प्राप्तिकर खात्याकडे नावे वगळून उत्पन्नगटांचे आकडे असतात. त्यांच्याशी पाहणीतला वरचा थर ताडून पाहा आणि तफावत जाहीर करा. विडी वळणाऱ्या बाईने छाटीचा हिशेब द्यायचा आणि कोट्यधीशाने फाटक बंद करायचे, ही असमानता पाहणीतच भिनली तर ती पाहणी विषमता काय मोजणार?

आणि एवढे सगळे नीट केले, तरी शेवटचे कुलूप सत्तेच्या हाती राहते. २०१७-१८ मध्ये खर्चाची पाहणी झाली होती. ग्रामीण भागातला खर्च घटल्याचे तिचे निष्कर्ष वृत्तपत्रातून फुटले, आणि १५ नोव्हेंबर २०१९ रोजी सरकारने आकडेवारीच्या दर्जाचे कारण देऊन ती पाहणीच प्रसिद्ध न करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी जानेवारीत रोजगाराचा अहवाल अडवल्याच्या निषेधार्थ राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले होते. परिणाम असा, की २०११-१२ नंतर २०२२-२३ पर्यंत, अकरा वर्षे, या देशाकडे आपल्या जनतेच्या खर्चाचा एकही प्रसिद्ध सरकारी आकडा नव्हता. नोटाबंदी, वस्तू व सेवा कर, करोनाची टाळेबंदी, सगळे त्या अंधारात घडले. दर्जा वाईट असेल तर आकडे छापा आणि दोष दाखवा, विद्वान तपासतील. कपाटात टाकलेला आकडा कोणी तपासू शकत नाही. परक्या राज्यात दादाभाई नवरोजींनी १८७० च्या दशकात हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न २० रुपये असल्याचे मांडले, तेव्हा ब्रिटिश सरकारने १८८२ मध्ये आपला २७ रुपयांचा आकडा काढून उत्तर दिले. आकड्याला आकड्याने उत्तर देण्याइतकी लाज तेव्हाच्या सरकारलाही होती.

राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाला आजही संसदेच्या कायद्याचा आधार नाही. तो द्या. पाहणी सुरू होण्याआधी तिच्या अहवालाची तारीख जाहीर करा, आणि ती पुढे ढकलण्याचा अधिकार मंत्र्याला नाही असे त्या कायद्यात लिहा. नावे काढलेली घरनिहाय माहिती अहवालाबरोबरच विद्यापीठांना आणि पत्रकारांना खुली करा. प्रश्नावली मराठीत, लोकांच्या बोलीतल्या शब्दांत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत आधी लावा. आमचे खासदार आणि आमदार रस्त्याच्या भूमिपूजनाला हजर असतात; त्यांनी लोकसभेत आणि विधानसभेत उभे राहून या मागण्या मांडाव्यात, आणि मांडल्या नाहीत तर मतदारांनी त्याचा जाब विचारावा.

सिन्नरच्या जनतेला आमचे सांगणे आहे. तुमच्या गावाची निवड झाली तर गणकाला दारातून परत पाठवू नका. त्याचे ओळखपत्र पाहा, गोपनीयतेचे पत्र मागा, ते मिळाल्याशिवाय एक शब्द सांगू नका. आणि मिळाल्यावर पट्टीतली हमाली, छाटीत गेलेल्या विड्या, सोसायटीचे नवं-जुनं आणि दवाखान्याचे बिल, सगळे खरे सांगा. घरातल्या बायकांना स्वतः बोलू द्या. आणि तुम्ही सांगितलेले सरकारने दडवले, तर ते उघड होईपर्यंत सरकारला स्वस्थ बसू देऊ नका.